सिकलसेल आजाराची आनुवंशिकता

सिकलसेल आजार हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक विकार आहे. विदर्भात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत, तो गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाजांत तसेच इतर अनेक समाजांतही आढळतो. ऑक्सिजन कमी पडताच रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात; त्यातून तीव्र वेदना व रक्तक्षय उद्भवतो.

संबंधित जनुक ११व्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती सामान्य असल्यास व्यक्ती 'एए', एक सदोष असल्यास 'एएस' म्हणजे वाहक आणि दोन्ही सदोष असल्यास 'एसएस' म्हणजे रुग्ण ठरते. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तो तपासणीवाचून ओळखू येत नाही. गंभीर मलेरियापासून वाहकाला काही संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले ते त्यामुळेच.

== अपत्यांविषयीचे भाकीत ==

एकच पालक वाहक व दुसरा सामान्य असल्यास अपत्य रुग्ण होत नाही, मात्र वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. दोघेही वाहक असल्यास अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५%, वाहक होण्याची ५०% व सामान्य असण्याची २५% असते.

या २५ टक्क्यांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असे नव्हे. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता नव्याने तेवढीच असते. अशा दांपत्याच्या चार अपत्यांपैकी नेमके एकच रुग्ण असण्याची शक्यता सुमारे ४२% आहे, तर एकही रुग्ण नसण्याची सुमारे ३२%. तसेच रुग्णाचे जे भावंड स्वतः रुग्ण नाही, ते वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून दोन-तृतीयांश असते, कारण 'एसएस' वगळता उरलेल्या तीन समान शक्यतांपैकी दोन 'एएस'च्या आहेत. म्हणून अशा भावंडांची तपासणी विवाहापूर्वी होणे अगत्याचे ठरते. आजारी मूल जन्मल्यास आईलाच दोष देण्याची रीत तर सर्वस्वी निराधार आहे. 'एसएस' अपत्याची एक सदोष प्रत वडिलांकडूनच आलेली असते.

== तपासणी ==

प्राथमिक विद्राव्यता चाचणीतून सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक कोण व रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने निश्चित होते. सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेच शिल्लक असल्याने विद्राव्यता चाचणी विश्वसनीय ठरत नाही.