काढा घरचा, पण बाटली कशाची?



पावसाळा लागला, की घरोघर काढ्याचे पातेले चुलीवर चढते. अडुळसा, गवती चहा, तुळस, सुंठ, सारे घरचेच. मग त्यात धोका कसला, असं तुम्ही म्हणाल. धोका बहुधा पाल्यात नसतो. तो पाल्यावर, भांड्यात आणि बाटलीत असतो.

पाला : पिकावर फवारा मारताना तुषार बांधावरच्या अडुळशावरही बसतात. ते विष उकळल्याने जाईलच, असे नाही. म्हणून पाला परसातला, फवाऱ्यापासून दूरचा घ्या आणि वाहत्या पाण्यात धुवा. बुरशी आलेली सुंठ पुसून वापरू नका, फेकून द्या. काही बुरशींचे विष उकळूनही टिकते.

भांडे : आवळा, लिंबू असे आंबट जिन्नस बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात उकळू नका. तांबे उतरते नि उलट्या होतात. स्टीलचे पातेले बरे.

साठवण : आसव-अरिष्ट महिनोन् महिने टिकते, मग काढा का नाही? आसव-अरिष्ट आंबवलेले असते. त्यात ५ ते १० टक्क्यांच्या आसपास मद्यार्क आपोआप तयार होतो नि तो जंतू वाढू देत नाही. काढ्यात तो नसतो. उकळीतून वाचलेली काही जंतूंची बीजे कोमट काढ्यात पुन्हा वाढतात. तेव्हा सकाळचा काढा संध्याकाळपर्यंत संपवा, उरलेला ओतून द्या.

बाटली : आपण फवाऱ्याच्या विषालाही 'औषध'च म्हणतो. घोटाळा होतो तो इथेच! त्या बाटलीत काढा, तेल, पाणी काहीही भरू नका. कितीही धुतली तरी विष प्लॅस्टिकात मुरलेले राहते. रिकामी बाटली तीन वेळा खळबळा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोके पाडून ती निकामी करा. 'औषध' आणि औषध एका फळीवर ठेवू नका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काढाही नको, गुटीही नको. आईचे दूध पुरे.

काढा पिऊन उलट्या, लाळ, दरदरून घाम किंवा गुंगी आली, तर मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. १०८ वर फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात बरोबर न्या. कशाचे विष आहे, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच लवकर कळेल.