किमतीच्या यादीतील पूर्वज

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या माणसांचे वंशज आपले पूर्वज कसे शोधतात, हे आपणही समजून घेतले पाहिजे. ज्यांचा इतिहास धन्यानेच लिहिला, त्या सर्वांसमोर हा प्रश्न उभा आहे.

पूर्वीच्या गुलामांची नावे सरसकट प्रथम आली ती १८७० च्या जनगणनेत. १८५० आणि १८६० साली गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या होत्या. पण त्यांत नाव धन्याचे आणि त्याखाली गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग व रंग. म्हणजे १८७० च्या मागे जायचे तर आधी धन्याचे घराणे हुडकावे लागते.

धनी मेला की त्याच्या मालमत्तेचे प्रकरण स्थानिक कोर्टात जाई. तेथील मृत्युपत्रे व मालमत्तेच्या याद्या हा मोठा पुरावा आहे. घोडे, नांगर, भांडी यांच्या रांगेत माणसांची नावे आणि पुढे डॉलरांत किंमत! कोण कोणत्या वारसाच्या वाट्याला गेला, हेही तेथे सापडते. ज्या कागदाने कुटुंब फोडले, त्याच कागदावरून ते आज जुळवावे लागते.

दुसरे साधन म्हणजे घरातले बायबल. त्यात जन्म, विवाह, मृत्यू टिपण्यासाठी पाने राखलेली असत. काही धनी तेथे गुलामांच्या मुलांचे जन्मही लिहीत. मूल म्हणजे वाढलेली मालमत्ताच. गुलामांना मात्र अक्षरओळख करून देणे दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा होता. त्यांच्या लग्नांनाही कायद्याची मान्यता नव्हती. म्हणून यादवी युद्धातील काळ्या सैनिकांच्या विधवांना पेन्शनसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी काढाव्या लागल्या. त्या जबान्यांत गुलामांचे स्वतःचे बोल सापडतात.

शोध बहुधा आईकडूनच करावा लागतो. यामागेही कायदा आहे. एलिझाबेथ की या स्त्रीने इंग्रज पित्याचा व ख्रिस्ती बाप्तिस्म्याचा आधार घेऊन १६५६ साली व्हर्जिनियाच्या कोर्टात स्वातंत्र्य मिळवले. सत्ताधाऱ्यांनी ही वाट बंद केली. १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला, तर १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही असे ठरले.

आपल्याकडे अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागतात. त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, गावची जन्म-मृत्यूची नोंद, वतनाचे कागद शोधले जातात. त्यांतला जातीचा रकाना पाहून कागद मिटू नये. नावे, गाव, साल उतरवून घ्यावे, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः आज्यांना, विचारून त्यांच्या आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात. शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत हे काम हाती घ्यावे.