मानेत गाठ लागत नाही, मग ग्रंथी का काढायच्या?

तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन ठरले की राजापेठेतल्या माझ्या दवाखान्यात नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, गाठ गालात आहे. मानेत हाताला काहीच लागत नाही. मग मान कशाला कापायची?” खर्ऱ्याची सवय असलेल्या आपल्या भागात हा प्रश्न अनेक घरांचा आहे.

गाल आणि जिभेकडून येणारा लसिकाद्रव मानेतल्या ग्रंथींमध्ये गाळला जातो. कॅन्सरच्या पेशी बहुधा आधी तिथेच पोहोचतात. सुरुवातीला त्या इतक्या थोड्या असतात, की हाताला लागत नाहीत आणि सोनोग्राफीतही सुटू शकतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५०० रुग्णांची तुलना आहे. पहिल्याच ऑपरेशनमध्ये ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ आल्यावरच ग्रंथी काढायच्या असे ठरवलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

धोके कोणते?

- खांदा: खांदा उचलणारी नस याच भागातून जाते. ती वाचवली तरी ताणली जाऊ शकते. मग हात डोक्यावर नेणे, ओझे उचलणे जड जाते. नस शाबूत असेल तर काही महिन्यांत बराच फरक पडतो.
- बधिरपणा: कानाची पाळी आणि मान बधिर राहू शकते.
- ओठ: खालचा ओठ एका बाजूला वाकडा दिसू शकतो. बहुतेकदा हे हळूहळू सुधारते.
- जखम: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित नळीतून दुधासारखा द्रव येणे.
- सूज: चेहरा, हनुवटीखाली सूज येऊ शकते. रेडिएशन घेतल्यास ती जास्त राहते.

ऑपरेशनआधी सर्जनला तीन गोष्टी विचारा: एका बाजूच्या ग्रंथी काढणार की दोन्ही? खांद्याची नस वाचेल का? व्यायाम कधी सुरू करायचा?

खांद्याचा व्यायाम दुखते म्हणून टाळू नका. फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करा, नाहीतर खांदा आखडतो. खर्रा, बिडी आजच सोडा. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि कॅन्सर पुन्हा होण्याचा धोका वाढतो.

मान अचानक फुगली, श्वास अडकू लागला किंवा रक्त थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.

धोके आहेत, पण बहुतेकांवर उपाय आहेत. मानेत गाठ येईपर्यंत थांबणे मात्र महागात पडू शकते.