दरफलकावर नसलेली सायकल

खिडकीतल्या माणसानं आधी सायकलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग मागं वळून भिंतीवरच्या दरफलकाकडं. फलकावर प्रौढ होते, बारा वर्षांखालची मुलं होती, दुचाकी, चारचाकी, मिनी बस होती, साधा कॅमेरा आणि मोठ्या लेन्सचा कॅमेरा वेगवेगळा होता. सायकल नव्हती.

"हिला काय लावू, सर?"

"पुस्तकात काय काय आहे?"

"दुचाकी हाय. पण ती पेट्रोलची."

मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी त्यानंच निकाल दिला. "चाकं तर दोनच हायत की," म्हणाला आणि एक माणशी, एक दुचाकीची अशा दोन पावत्या फाडल्या. 'वाहन क्रमांक' या रकान्यापाशी पेन पुन्हा थबकलं. तिथं त्यानं 'सायकल' असं लिहून खाली रेघ मारली.

शब्दाच्या हिशेबानं माणूस बरोबरच होता. सायकल आपल्याकडं आली तेव्हा तिला पायगाडी म्हणत, दुचाकीही म्हणत. पुढं स्कूटर-मोटारसायकलींनी तिचा शब्द पळवला आणि सायकल इंग्रजी नावावर राहिली. उद्यानाचं नाव मी सांगत नाही. खिडकीतल्या माणसाचा दोष नव्हता, फलक वरून छापून आला होता.

आत गेल्यावर मात्र दोष दिसायला लागला. पहिले तीन-चारशे मीटर पेव्हर ब्लॉक, दुतर्फा रंगवलेले दगड, सिमेंटचा ससा. मग 'निसर्ग पायवाट' असा बाण. बाणाच्या दिशेला टेकडीच्या उतारावरून सरळ खाली उतरणारी, मधोमध गुडघाभर खोल चिरलेली वाट. पावसाळ्यात तिचा नाला होतो हे सांगायला कुणी लागत नव्हतं. कडेला अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या सांगत होत्या. मी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि दुचाकीचं तिकीट काढलेला मी ती वाट पायी चाललो.

डोंगरवाटेवर सायकल चालवायला पैसे द्यावेत की नाही, हा वाद आमच्या पाच-सहा जणांच्या टोळक्यात तेव्हापासून पेटला. आम्ही निम्मे लातूरचे, निम्मे नांदेडचे. महिन्यातून एखाद्या रविवारी कुठल्यातरी टेकडीच्या पायथ्याशी भेटायचं, ऊन चढायच्या आत उतरायचं. लातूर म्हणजे राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक, त्यामुळं इथं डोंगर शोधावा लागतो. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, उदगीरकडं हत्तीबेट आहे, औसा तालुक्यात खरोशाची टेकडी आहे. आमच्याकडं काळ्या रानाच्या मधोमध उठलेल्या टेकडीला बेटच म्हणतात, आणि पावसाळ्यात सकाळी सकाळी धुकं बसलं की तो शब्द किती नेमका आहे ते कळतं.

या वाटांना तिकीट नाही. त्या कुणी सायकलसाठी केलेल्याही नाहीत. शेळ्या-मेंढरांनी, सरपण आणणाऱ्या बायांनी, देवाला जाणाऱ्यांनी त्या पाडल्या. बैलगाडीच्या चाकानं जमिनीत पाडलेल्या खोबणीला आपण चाकोरी म्हणतो. त्याच चाकोरीत सव्वादोन इंचांचा टायर घातला की कळतं, गाडीच्या दोन चाकांमधली उंच पट्टी चालवायला चांगली आणि चाकोरी वाईट. चाकोरी सोडून चाला म्हणणारे विचारवंत बहुधा सायकलवाले असावेत.

माती तर पावलोपावली बदलते. पायथ्याची काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की चाकाला अशी लिंपते, की दोनशे मीटरांत चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं कोरत बसायचं. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस आम्ही काळ्या रानात जातच नाही. चाकाचे सर पडून वाळले की ते पुढच्या पावसापर्यंत दगडासारखे राहतात. वर मुरूम लागतो. तो चढताना धरतो आणि उतरताना सोडतो. खरोशाला जांभा आहे, ज्यात सहाव्या शतकाच्या सुमाराची लेणी कोरलीत. त्याच्या खडबडीत पाठीवर टायर छान पकडतो, पण पडलं तर कोपर सोलून निघतं. ऑक्टोबरनंतर कुसळं मोज्यांत शिरतात. बाभळीच्या काट्याला तर परदेशी टायरचा काही धाक नाही. ट्यूबलेस टायरमध्ये पांढरं द्रावण ओतून छिद्र आपोआप बुजवायची सोय असते, तरी मागच्या वर्षी एकाच सकाळी मी अकरा काटे उपटले. चाकूरला पंक्चर काढणाऱ्या मामांनी ते पांढरं पाणी बोटावर घेऊन वास घेतला आणि विचारलं, "ह्याच्यात काय टाकलंव? ताक का?"

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. वाट सायकलनं बिघडते त्याहून जास्त पाण्यानं बिघडते; सायकल फक्त पाण्याला दार उघडून देते. उतारावर घाबरलेला माणूस मागचा ब्रेक दाबून धरतो, चाक अडकून घसरतं, मुरूम सुटतो, मधोमध एक खोबण पडते. पहिला पाऊस त्या खोबणीत शिरतो. दुसऱ्या पावसाळ्यात ती ओघळ होते, तिसऱ्यात लोक ओघळ टाळून शेजारून चालायला लागतात आणि एकाच्या तीन वाटा होतात. यावर उपाय जुना आहे. वाट सरळ खाली न आणता डोंगराच्या पोटातून आडवी न्यायची, तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, वाट दरीच्या बाजूला थोडी कलती ठेवायची आणि ठरावीक अंतरावर एक उथळ खळगा द्यायचा, म्हणजे पाणी वाट धरायच्या आत वाट सोडतं. डोंगर शंभर फुटांना वीस फूट चढत असेल तर वाट दहा फुटांच्या आत. जगभरचे माउंटन बाइकवाले हे नियम शिकवतात.

आम्हाला ते शिकवायची गरज नाही. सलग समतल चर म्हणजे सीसीटी मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली आणि गावागावांत लोक लाकडाची ए-फ्रेम घेऊन डोंगरावर समतल रेषा आखायला लागले. ज्या हातांनी ते चर खोदले त्या हातांना सायकलची वाट आखायला इंजिनिअर लागणार नाही, कुदळ लागेल आणि मजुरी. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीनं खडी फोडून रस्ते केले, बांध घातले, त्याची मजुरी घेतली. वाट करणाऱ्याला पैसे मिळत. आता वाटेवरून जाणाऱ्याकडून पैसे घेतले जातात आणि वाट कुणीच करत नाही, इथं माझं गाडं अडतं.

सायकलवर पैसे घेणं नवं मुळीच नाही. राज्यातल्या अनेक नगरपालिका सायकलला वर्षाचा कर लावायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. तो सायकलला दिसेल असा लावायचा. बिल्ला नसलेली सायकल अडवली जायची, आणि रात्री दिवा नसलेलीही. माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत तसे बिल्ले सापडले. त्यांची कधी कुरकुर ऐकली नाही; रस्त्यावर दिवे पालिकेचे होते.

नांदेडच्या मित्रांचं म्हणणं वेगळं. त्यांच्याकडं खरं जंगल आहे. किनवट-माहूरकडं साग आहे, आणि पैनगंगा अभयारण्य नांदेड आणि यवतमाळ अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलं आहे. अभयारण्यात शिरणं हा हक्क नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २८ सांगतं, की पर्यटनासाठी परवाना मिळू शकतो आणि त्याला अटी व शुल्क असतात. म्हणजे तिथलं शुल्क हे वाटेचं भाडं नाही, परवान्याची किंमत आहे. आणि परवाना नाकारायला सबळ कारणही आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. अशा मुलुखात सायकलइतकं धोकादायक वाहन दुसरं नाही. जीपचा आवाज जनावराला लांबून कळतो. सायकल वळणावर एकदम समोर येते, माणूस खाली वाकलेला असतो आणि पळाल्यासारखा दिसतो. इस्लापूरच्या पुढं सहस्रकुंड धबधब्याला आम्ही सायकलीनं जातो, पण डांबरी रस्त्यानं, आणि अंधार पडायच्या आत परततो.

शहराच्या पोटातलं जंगल पाहायचं म्हणून मी बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. १०३ चौरस किलोमीटरचं उद्यान, गेटवर तिकीट, भाड्याच्या सायकलीचे वेगळे पैसे, आणि सहा-सात किलोमीटर चढून कान्हेरीला पोचल्यावर पुरातत्त्व खात्याचं तिसरं तिकीट. त्या दिवशी मला एकही पैसा खटकला नाही. सायकलची वाट डांबरी होती आणि डांबर शाबूत होतं. शिलोंड्यासारख्या मातीच्या वाटांवर पायी जायचं, तेही परवानगी काढून. काय विकत मिळतं आणि काय नाही, हे तिथं स्पष्ट होतं.

साताऱ्याच्या कास पठारावरची रीत मला त्याहून पटते. तिथं शुल्क भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत गोळा होतं, हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातलेली असते आणि फुलांवर पाय देणाऱ्याला हटकायला गावचाच माणूस उभा असतो. ज्याच्या हातात पावतीपुस्तक आहे त्यालाच पठाराची काळजी आहे.

पैशापलीकडचीही एक गोष्ट असते. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये किंग्डम ट्रेल्स नावाचं सायकलवाटांचं जाळं आहे. त्यातली बरीच जमीन खासगी मालकांची. संस्था सायकलस्वारांकडून दिवसाचे पैसे घेते आणि वाटा राखते. इतकी नीट व्यवस्था असूनही २०१९ च्या अखेरीस तिघा जमीनमालकांनी आपल्या जमिनीत सायकलींना बंदी केली. गर्दी वाढली होती. तिकीट काढलेल्या माणसाला आपण पाहुणे आहोत याचा विसर पडतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाटेवरचे ते आजोबा आठवले. सोयाबीनच्या कडेनं बांधावरून आमच्या सायकली जातात आणि दर वेळी ते उठून विचारतात, "काय करलालाव पोरांनो, एवढ्या पहाटं?" आम्ही थांबतो, पाणी पितो, बांध ढासळला असेल तर चार दगड लावतो. त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत. एकदा आमच्यातला नवा पोरगा न थांबता सुसाट निघून गेला, तेव्हा पुढच्या आठवड्यात बांधावर बोराटीची फांदी आडवी टाकलेली होती. ती आम्ही उचलली नाही. दोन किलोमीटरचा वळसा घालून गेलो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्या पोराला घेऊन आधी आजोबांकडं चहाला गेलो.

तर टोळक्यातल्या वादात माझी बाजू अशी. पैसे घ्या. फलकावर सायकलची ओळ घाला, दुचाकीत आम्हाला ढकलू नका. पण वर्षाला जमलेल्या रकमेतून वाटेवर किती दिवसांची मजुरी पडली, तेवढं त्याच फलकाखाली खडूनं लिहा. एक दिवसाची असली तरी लिहा. आणि चाक जिथं जायलाच नको, तिथलं तिकीट कितीही महाग करून विकू नका.

वडवळचं बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे. लोक त्याला संजीवनी बेटही म्हणतात. उत्तरा नक्षत्रात तिथं झाडपाल्यासाठी दुरून माणसं येतात. ज्या बोटभर रोपांसाठी ती येतात, ती वाटेच्या कडेलाच उगवतात आणि आमचा टायर सव्वादोन इंचांचा आहे. त्या दिवसांत कुणी सायकल घेऊन येणार असाल तर ती खाली गावातच लावा. वर पायी चला.