माणूस जगभर पसरला तो टोळीबाहेर नाती जोडून

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माणसाने जगावर ताबा कसा मिळवला, असा विषय तरुणांसमोर काढला की आम्हाला बहुतेक वेळा याच धर्तीचे उत्तर मिळते. जो बलवान तो टिकला आणि दुबळे संपले, असे सांगून त्याला डार्विनचे नाव जोडले जाते. वास्तविक 'सर्वात सक्षम तोच टिकतो' हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ मध्ये केला आणि डार्विन यांनी तो १८६९ साली आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत घेतला. त्यातल्या 'सक्षम' या शब्दाचा अर्थ परिस्थितीशी जुळलेला असा आहे. अंगाने दांडगा किंवा कुळाने मोठा असा तो नाही. पुढे मात्र हेच वाक्य वंशश्रेष्ठत्वाच्या समर्थनासाठी जगभर वापरले गेले. म्हणून आदिमानवाच्या काळात प्रत्यक्ष काय घडले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

पृथ्वीवर माणसे अनेक प्रकारची होती

आपल्या मानवजातीला शास्त्रज्ञ होमो सेपियन्स म्हणतात. तिचे आजवर सापडलेले सर्वात जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील आहेत. त्यांचे वय सुमारे ३ लाख वर्षे आहे. त्यानंतरही कितीतरी काळ आपण एकटे नव्हतो. युरोप आणि पश्चिम आशियात निअँडरथल मानव राहत होता. आशियात डेनिसोव्हन मानव होता. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीची माणसे राहत होती. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर आणखी एक मानवजात होती. आज यांपैकी फक्त आपण उरलो आहोत.

असे का झाले? मेंदू मोठा म्हणून, असे म्हणावे तर निअँडरथलचा मेंदू आपल्याएवढाच होता आणि त्याचे शरीर आपल्यापेक्षा धष्टपुष्ट होते. विस्तवाचे श्रेयही आपले नाही. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत माणसाने पेटवलेल्या विस्तवाची सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख सापडली आहे. तेव्हा आपली जात अस्तित्वातही आलेली नव्हती. दगडी हत्यारे निअँडरथलही बनवत होता आणि भूर्ज झाडाच्या सालीपासून डांबरासारखा चिकट पदार्थ काढून हत्यारे जोडत होता. दुबळ्यांना तो टाकूनही देत नव्हता. इराकमधील शानिदार गुहेत सापडलेल्या एका निअँडरथल पुरुषाचा उजवा हात निकामी होता आणि त्याची दृष्टीही अधू झालेली होती. तरीही तो अनेक वर्षे जगला. सोबतच्या लोकांनी सांभाळल्याशिवाय हे शक्य नव्हते.

ओळख दूरवर पसरली

आपल्या पूर्वजांचे वेगळेपण दिसते ते त्यांच्या दूरवरच्या संबंधांत. केनियातील ओलोरगेसाइली येथे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची हत्यारे मिळाली. त्यांतली काही काचेसारख्या काळ्या ज्वालामुखी दगडाची आहेत. हा दगड तिथला नाही. तो २५ ते ९० किलोमीटर अंतरावरून आलेला आहे. म्हणजे दूरच्या गटांशी देवाणघेवाण तेव्हाच सुरू झाली असावी. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी तर त्याहून बोलके आहेत. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर आहे. तरीही सुमारे ५० हजार ते ३३ हजार वर्षांपूर्वी दोन्हीकडचे मणी एकाच घडणीचे होते. आपल्या जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथेही शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले आहे. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहे.

मण्याने पोट भरत नाही. मग तो बनवण्यात इतके कष्ट का घ्यायचे? 'मी तुमच्यातला आहे' किंवा 'मी तुमचा ओळखीचा आहे' हे अनोळखी माणसाला सांगण्याचे ते साधन होते. दुष्काळ पडला, शिकार संपली, तर अशा ओळखीवर दुसऱ्याच्या पाणवठ्यावर आसरा मिळत असे.

ओळखीबरोबर ज्ञानही फिरत होते. हाडाच्या सुईचे उदाहरण घेऊ. नेढे असलेल्या सुया सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपासून सापडतात. हाड घासणे, त्याला बारीक भोक पाडणे, प्राण्याच्या स्नायूचा दोरा काढणे, कातडे कमावणे, ते अंगाच्या मापाने शिवणे, हे सगळे एका माणसाला एका जन्मात सुचणार नाही. कुणाला एक गोष्ट सुचली, दुसऱ्याने ती सुधारली, तिसऱ्या टोळीने ती उचलली. त्यातूनच सैबेरियाच्या थंडीत टिकता येतील असे शिवलेले कपडे तयार झाले. याच साठवलेल्या ज्ञानावर माणसे समुद्र ओलांडून सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात पोहोचली आणि किमान १५ हजार वर्षांपूर्वी अमेरिका खंडातही वस्ती करून राहिली.

बंद टोळी आणि खुली टोळी

गेल्या काही वर्षांत जुन्या हाडांतून डीएनए काढता येऊ लागला आणि आदिमानवाच्या सोयरिकीही समजू लागल्या. सैबेरियाच्या डेनिसोव्हा गुहेतील एका निअँडरथल स्त्रीचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे नातलग होते. फ्रान्समधील मांद्रँ गुहेत सापडलेल्या निअँडरथलच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गट सुमारे ५० हजार वर्षे इतर निअँडरथल गटांशी सोयरीक न करता राहिला होता, असे त्यातून दिसले. ते गट फार दूरही नव्हते.

याउलट रशियातील सुंगीर येथे आपल्याच जातीच्या माणसांची सुमारे ३४ हजार वर्षांपूर्वीची दफने आहेत. एकाच ठिकाणी पुरलेली ही माणसे परस्परांची जवळची नातलग नव्हती. गट लहान असूनही लग्नाचे संबंध दूरच्या गटांशी होते, असा संशोधकांनी निष्कर्ष काढला.

आपल्या पूर्वजांनी तर दुसऱ्या मानवजातींशीही संबंध जोडले. स्वांते पाबो यांच्या संशोधनामुळे हे सिद्ध झाले आणि २०२२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेबाहेरच्या लोकांमध्ये, म्हणजे आपल्यातही, साधारण २ टक्के डीएनए निअँडरथलचा आहे. तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत जगायला मदत करणारे जनुक डेनिसोव्हन मानवाकडून आलेले आहे. 'शुद्ध रक्त' असे काही माणसात कधी नव्हतेच.

निअँडरथल संपण्यामागे हवामानातील बदल आणि मुळातच कमी असलेली लोकसंख्या हीही कारणे होती. शिवाय आपल्या विस्ताराची किंमत इतरांनी मोजली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत माणूस पोहोचल्यानंतर मोठे प्राणी नाहीसे होत गेले. त्यात माणसाचा हात किती आणि हवामानाचा किती, यावर वाद आहे. न्यूझीलंडचा मोआ पक्षी मात्र माणूस आल्यावर दोनेक शतकांत संपला. सहकार्याची ताकद विध्वंसही करू शकते.

आपल्याकडे दारे केव्हा बंद झाली?

भारतातही मिश्रण झाले. हैदराबाद आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले वेगवेगळे लोकसमूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले. त्यानंतर हे मिश्रण जवळजवळ थांबले आणि लग्ने आपापल्या गटातच होऊ लागली. अनेक भारतीय समूहांत काही आनुवंशिक आजारांचा धोका जास्त असण्यामागे हेही कारण असल्याचे २०१७ च्या अभ्यासात पुढे आले.

डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधी, ९ मे १९१६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातीविषयीचा निबंध वाचला. वंशाच्या दृष्टीने सर्व लोक मिश्रच आहेत आणि जातीचे मर्म गटातल्या गटात लग्न करण्यात आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी ती समाजशास्त्राच्या आधारे केली होती. आज जनुकशास्त्रही त्याच मुद्द्यापाशी येऊन पोहोचले आहे.

म्हणून 'आमचे रक्त शुद्ध' किंवा 'निसर्गातच उच्चनीच आहे' असे सांगणारा संदेश मोबाइलवर आला, तर चिडून उत्तर देण्यापेक्षा सुंगीर आणि मांद्रँची गोष्ट सांगावी. मात्र हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. पोटजात पाहून स्थळ ठरवण्याची सवय आपल्याही घरांतून अजून पुरती गेलेली नाही. तरुणांनी आपल्या वाचनवर्गात हा विषय घ्यावा आणि चर्चा तिथेच न थांबवता घरी आईवडिलांपर्यंत न्यावी.