संगणक चालू, पडदा मात्र काळा!

सुटे भाग विकत आणून घरच्या घरी संगणक जुळवण्याची हौस मराठी मध्यमवर्गाला जुनीच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकाने पालथी घालायची, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट पारखून आणायचे आणि तयार संगणकाच्या किमतीत अधिक क्षमतेचे यंत्र उभे करायचे, हा उद्योग अनेकांनी केला आहे. मात्र या यंत्राचा एक दोष भल्याभल्यांना घाम फोडतो. काम सुरू असताना पडदा अचानक काळा होतो. पंखे फिरत असतात, दिवे लागलेले असतात. चित्र तेवढे नाहीसे झालेले असते. बटण दाबून संगणक पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत! दोन दिवस काहीच होत नाही आणि तिसऱ्या दिवशी, नेमका प्रकल्पाचा अहवाल पूर्ण होत आला असताना, पडदा पुन्हा काळा पडतो.

अशा वेळी पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर येतो. बहुधा हाच संगणकातील सर्वांत महाग भाग असतो. घाईने नवे कार्ड आणले जाते आणि आठवडाभराने दोष पुन्हा डोके वर काढतो. तयार संगणक बिघडला तर जबाबदार धरायला एक कंपनी असते. घरी जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाचा उत्पादक वेगळा आणि प्रत्येकाची वॉरंटीही वेगळी. साहजिकच, दोषी भाग कोणता हे दाखवून देण्याचे काम मालकावर येऊन पडते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याची तारीख-वारासह नोंद ठेवायची, एवढी शिस्त पुरते. एकाच दिवशी केबल बदलली, रॅम काढून बसवली आणि ड्रायव्हरही नवा घातला, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

गेले काय, चित्र की यंत्र?

पडदा काळा होताच बटण दाबून संगणक बंद करू नये. वारंवार असे केल्याने जतन न केलेले काम जातेच, शिवाय डिस्कवरील फायलीही खराब होऊ शकतात. आधी कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, किंवा चालू असलेले गाणे पुढे ऐकू येत असेल, तर संगणक जिवंत आहे. फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने चित्र परतले, तर ड्रायव्हर किंवा कार्ड यांच्याकडे बोट जाते. कॅप्स लॉकचा दिवा मात्र ढिम्म असेल, तर सारी यंत्रणाच गोठली आहे असे समजावे आणि रॅम, वीजपुरवठा, मदरबोर्ड यांच्याकडे वळावे.

मॉनिटरलाही निर्दोष धरून चालत नाही. त्याच्या स्वतःच्या बटणाने त्याचा मेन्यू उमटतो का, हे पाहावे. मेन्यू दिसला तर पडदा ठीक आहे आणि सिग्नल तुटला आहे. काहीच दिसले नाही, तर अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. पुसटशी आकृती दिसली, तर चित्र येत आहे. त्यामागचा प्रकाश तेवढा गेला आहे.

आधी बिनखर्चाचे उपाय

सर्वांत स्वस्त भाग म्हणजे केबल, आणि तिच्याकडेच सर्वांत उशिरा लक्ष जाते. ती दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवावी, मग दुसऱ्या पोर्टात लावावी, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून दुसरी केबल आणून पाहावी. डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलींमध्ये विसाव्या क्रमांकाची पिन नियमाविरुद्ध जोडलेली असते. त्यामुळे मॉनिटर आणि कार्ड यांच्यात नको तेथे वीज वाहते आणि चमत्कारिक बिघाड उद्भवतात. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठताच क्षणभर चित्र जाते, असाही अनुभव येतो. ही भुताटकी नव्हे. खुर्चीत साठलेली स्थिर वीज मोकळी होताना जी विद्युतचुंबकीय लहर उठते, ती केबल पकडते. चांगले आवरण असलेली केबल घेतल्यास हा त्रास बहुधा थांबतो.

पुढची पायरी कॅबिनेटच्या आत. संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढावा आणि हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. रॅमच्या पट्ट्या आणि ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा नीट बसवावे. दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीवर, जोडबिंदूंवर मळ धरतो. खोडरबराने ते हलकेच पुसण्याचा कारागिरांचा जुना उपाय आजही उपयोगी पडतो. मात्र रबराचा कण स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये. आजची कार्डे वजनदार असतात. उभ्या कॅबिनेटमध्ये ती एका टोकाला खाली झुकतात आणि स्लॉटमधील संपर्क सैल होतो. टेबलाला धक्का लागताच चित्र जात असेल, तर कार्डाला खालून आधार द्यावा.

दोष कधी येतो?

नोंदवहीचा खरा उपयोग येथे होतो. गेम किंवा व्हिडिओ संपादन सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र जात असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. भार वाढताच, एका क्षणात जात असेल, तर वीजपुरवठ्याचा. संगणक झोपेतून उठताना जात असेल, तर ड्रायव्हरचा. घरातील पाण्याचा पंप सुरू होताना किंवा इन्व्हर्टर वीज हाती घेताना जात असेल, तर घरातील वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

वीजपुरवठ्याचे गणित समजून घेण्याजोगे आहे. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याखेरीज सहा पिनांची जोडणी ७५ आणि आठ पिनांची १५० वॉटपर्यंत वीज पुरवते. कार्डाची गरज मात्र स्थिर नसते. क्षणार्धात ती सरासरीच्या कितीतरी वर उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात अशा अतिशय अल्पकाळच्या उसळ्या झेलण्याची अट मुद्दाम घालण्यात आली. जुना किंवा हलका एसएमपीएस तेथे कमी पडतो आणि एरवी निर्दोष असलेले कार्ड चित्र सोडते. कार्डावर वीजजोडणीच्या दोन जागा असतील, तर एकाच केबलच्या दोन फाट्यांऐवजी दोन स्वतंत्र केबली लावाव्यात. एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला कधीही जोडू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतील तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि सारे भाग जळू शकतात. ६०० वॉटपर्यंतच्या नव्या १६ पिनांच्या जोडण्या अर्धवट बसल्यास वितळतात, हे २०२२ मध्ये जगभर दिसून आले. त्यामुळे ती जोडणी शेवटपर्यंत आत गेल्याची खात्री करावी. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

उष्णतेच्या बाबतीत ऋतूही पाहावा लागतो. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले, की कार्डाचे तापमानही साधारण तेवढेच वर सरकते. डिसेंबरात बिनतक्रार चालणारा संगणक नागपूरच्या मे महिन्यात का अडतो, याचे उत्तर त्यात आहे. कॅबिनेटचे झाकण उघडून टेबलफॅनचा वारा दिल्यावर दोष गेला, तर धूळ साफ करावी आणि हवेचा मार्ग मोकळा करावा.

रॅमचा वेग आणि विंडोजची नोंद

वेगवान रॅम जाहिरातीतील वेगाने चालवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय सुरू केली जाते. काही जोडण्यांमध्ये हा वेग स्थिर राहत नाही. ती सोय बंद करून काही दिवस पाहावे आणि मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक निघाली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

विंडोज स्वतःही रोजनिशी लिहीत असते. ग्राफिक्सने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. चित्र क्षणभर जाऊन परत येते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. क्रमांक ४१ ची नोंद मात्र फसवी असते. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर भागांची अदलाबदल करून पाहावी. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून मदरबोर्डाच्या पोर्टावर काही दिवस काम करावे. इंटेलच्या नावाअंती 'एफ' असलेल्या प्रोसेसरांत ही सोय नसते. दोष थांबला, तर तो कार्डात किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. मग तेच कार्ड मित्राच्या संगणकावर चालवून पाहिले, की दोहोंतील नेमका दोषी सापडतो.

अधूनमधून येणारा दोष सेवाकेंद्राच्या टेबलावर हटकून लपतो. दहा मिनिटे चालवून 'काही बिघाड नाही' अशी चिठ्ठी लावलेले कार्ड परत येते आणि वॉरंटीचे दिवस सरत राहतात. त्या टेबलावर मालकाच्या बाजूने बोलते ती नोंदवही: दोष किती वेळा आला, कोणत्या भाराखाली आला, कोणता भाग बदलल्यावर टिकून राहिला आणि कोणता काढताच थांबला. बिलाच्या प्रतीबरोबर तो कागद जोडला, तर तंत्रज्ञाला कार्ड किती वेळ आणि कोणत्या भाराखाली चालवून पाहायचे, हे आधीच कळते.