मुलाचे उच्चार अस्पष्ट असतील तर घरी काय करावे?

लहान मुलाचे बोबडे बोल हा घरात कौतुकाचा विषय असतो. मात्र ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणारे मूल शाळेत जाऊ लागले आणि सवंगडी त्याला हसू लागले, की ते हळूहळू बोलणेच टाळू लागते. त्यामुळे घरातील मदत वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे ठरते.

कोणत्या वयात काय अपेक्षित?

सर्व वर्ण एकाच वेळी साधत नाहीत. प, ब, म हे ओठांनी उच्चारले जाणारे वर्ण मूल प्रथम शिकते. क आणि ग यांसाठी जिभेचा मागील भाग टाळूला लावावा लागतो. र, ळ, स, श यांना त्याहून अधिक अवधी लागतो. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे घरच्यांना आणि चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या व्यक्तीलाही समजावे, असा सर्वसाधारण निकष आहे.

आधी श्रवणचाचणी

जे नीट ऐकू येत नाही, ते नीट उच्चारता येत नाही. वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे कानात द्रव साचून ऐकण्यात चढउतार होतात आणि ते पालकांच्या सहज लक्षात येत नाहीत. म्हणून उच्चारांचा सराव सुरू करण्यापूर्वी कान तपासून घेणे श्रेयस्कर.

घरातील सराव

मूल ‘दाडी आली’ म्हणाले, तर त्याला न टोकता ‘हो, गाडी आली, मोठी गाडी आली’ असे उत्तर द्यावे. योग्य उच्चार कानावर पडतो आणि संवादही खंडित होत नाही. ‘पुन्हा नीट म्हण’ असा आग्रह, थट्टा किंवा पाहुण्यांसमोर बोलून दाखवण्याची सक्ती टाळावी. मोठ्यांनीही मुलाशी बोबडे बोलू नये.

‘कार’ आणि ‘तार’ अशा एका वर्णाने अर्थ बदलणाऱ्या शब्दांची चित्रे समोर ठेवून खेळ घेता येतो. मूल जे उच्चारेल तेच चित्र त्याला द्यावे. हवी होती कार आणि हाती आली तार, की वर्णाचे महत्त्व त्याला आपोआप उमगते. आरशासमोर जिभेचे टोक खालच्या दातांमागे ठेवून ‘क’ म्हणून दाखवावा. प्रथम सुटा वर्ण, मग ‘का, की, कू’, नंतर शब्द आणि शेवटी वाक्य, असा क्रम ठेवावा. दिवसातून 5 ते 10 मिनिटे पुरेशी असतात.

दोन भाषा आणि काही समज

हिंदी भाषक प्रदेशात वाढणारे मराठी मूल ‘शाळा’ऐवजी ‘शाला’ म्हणत असेल, तर तो बहुधा परिसराचा परिणाम असतो, वाणीदोष नव्हे. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. घरात दोन भाषा बोलल्याने वाणीदोष उद्भवत नाही, त्यामुळे मराठी सोडण्याचे कारण नाही. जिभेला वेखंड चोळल्याने वाणी स्पष्ट होते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणे तर धोकादायक ठरू शकते.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, चार वर्षांनंतरही परक्यांना त्याचे बोलणे समजत नसेल, आवाज नाकातून येत असेल किंवा आधी येणारे शब्द नाहीसे झाले असतील, तर वाचाउपचार तज्ज्ञांचा सल्ला त्वरित घ्यावा. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965पासून, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. 2013मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व सरकारी शाळांमध्ये मुलांची तपासणी केली जाते आणि गरजू बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

घरचा सराव हा उपचारांना पूरक असतो, पर्याय नव्हे. परंतु आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले जाईल, हा विश्वास मुलाला प्रथम घरातच मिळू शकतो.